वाढत्या मापाची करवत

गेल्या पंधरवड्यातल्या वळिवाने आमच्या अंगणाच्या कडेच्या रायवळ आंब्याची एक फांदी मोडून पायवाटेवर आडवी केली आणि ती कापण्यासाठी मी शनिवारी तालुक्याच्या गावी जाऊन पेट्रोलवर चालणारी करवत विकत घेतली. एवढ्या एका वाक्यात हे प्रकरण आटोपायला हवे होते. प्रत्यक्षात फांदी अर्धवट कापलेल्या अवस्थेत अजून तिथेच पडलेली आहे, गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा मुलगा तिला वळसा घालताना रोज नवे काहीतरी पुटपुटतो आणि हे लिहीत असताना माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

मी बेसावधपणे दुकानात गेलो होतो असे कोणी समजू नये. निघण्यापूर्वी मी पत्नीच्या शिवणाच्या टेपने फांदीचा घेर मोजला होता. तो ९४ सेंटिमीटर भरला, त्याला ३.१४ ने भागून व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे १२ इंच निघाला. करवतीची पट्टी, म्हणजे जिच्या कडेने चेन धावते तो लांबट पोलादी भाग, लाकडाच्या जाडीपेक्षा दोनेक इंच मोठी असली की काम सुखाने होते. १४ किंवा १६ इंचांची पट्टी आणि तिला फिरवण्यापुरते ३०-३५ सीसीचे इंजिन, एवढीच माझी गरज होती. शिवाय मी ६१ वर्षांचा आहे, माझी नोकरी टेबलामागे गेली आहे, आणि यंत्र जेवढे हलके तेवढे ते शेवटच्या कापापर्यंत ताब्यात राहते, हेही मी वाचून ठेवले होते. हे सगळे मी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे टिपून घेतले होते आणि खाली स्वतःसाठी लिहिले होते : ‘१६ इंच. हट्ट सोडू नये.’

दुकान पंप, पाइप आणि फवारणीच्या यंत्रांचे होते. समोरच्या भिंतीवर मधोमध ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची करवत टांगलेली होती आणि तिच्या गळ्यात दसऱ्याचा, पार सुकून काळपट झालेला झेंडूचा हार होता. मी पाकीट पुढे करून सोळा इंची करवत मागितली. दुकानदाराने पाकिटाची पुढची बाजू वाचली, वधूचे आडनाव ओळखीचे निघाल्यामुळे तिच्या काकांची चौकशी केली, आणि तो काही बोलणार एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या, पिवळी टोपी घातलेल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी विचारले, “सोळा? कोणासाठी?”

हे गृहस्थ दुकानाचे नोकर नव्हते, भागीदार नव्हते आणि करवत घ्यायलाही आलेले नव्हते. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पाइपाचा एक इंची एल्बो होता आणि पुढचा पाऊण तास तो त्यांच्या हातातून खाली आला नाही. मुद्दा मांडताना ते तो माझ्याकडे रोखत आणि मुद्दा संपला की त्याच्यात डोकावून पाहत.

“माझ्यासाठी,” मी म्हणालो.

“झाड कसलं?”

“आंबा. फांदी आहे. बारा इंच जाड.”

“आज फांदी पडली भाऊ, उद्या झाड पडेल. तेव्हा काय करणार?”

माझ्या आंब्याचे असे भविष्य भर दुकानात वर्तवले गेल्याने मी थोडा गडबडलो. तोवर त्यांनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो मुद्दा काढताना एल्बो असा काही उंचावला की फवारणीच्या नळीसाठी आलेले दोघे शेतकरीही आमच्याकडे वळले. “बावीस इंचाने बारा इंच कापता येतं. बारा इंचाने बावीस कापता येतं का? सांगा!” खरे उत्तर असे आहे की, दोन्ही बाजूंनी काप घेता आला तर पट्टीच्या लांबीपेक्षा बऱ्याच जाड लाकडाचेही तुकडे पाडता येतात. ते उत्तर मी दिलेही. परंतु ‘सांगा’ हा शब्द त्यांनी माझ्याकडे नव्हे, तर जमलेल्या मंडळींकडे पाहून उच्चारला होता, आणि मंडळींनी एकमुखाने ‘नाही’ म्हणून टाकले होते.

यानंतर त्यांनी दुकानातल्या पोराला हार बाजूला करून करवत खाली काढायला लावली आणि ती माझ्या पायाशेजारी उभी धरली. तिचे टोक माझ्या कमरेच्या आसपास आले. शिंपी विजारीचे माप घेतो त्या गांभीर्याने त्यांनी मान तिरकी करून पाहिले, मला सरळ उभे राहायला सांगितले (मी राहिलो, का राहिलो ते अजून कळलेले नाही) आणि निर्णय दिला, “अंगाला शोभते.”

“पण मला जड होईल,” मी म्हणालो.

“अहो, पोराला शाळेचा सदरा घेताना आपण काय करतो? वाढत्या अंगाचाच घेतो ना? तसं हे घ्यायचं. वाढत्या मापाचं.”

सदरा ज्या पोराला घेतात ते पोर पुढे वाढते, ही या उपमेतली मुख्य गोष्ट आहे. एकसष्टीच्या माणसाचे वाढण्यासारखे जे काही उरते त्याची मापे डॉक्टर रक्त तपासून काढतात, आणि त्यातले एकही करवत पेलायला उपयोगी पडत नाही. हे मला तिथे सुचायला हवे होते. ते परतीच्या एसटीत सुचले.

दुकानदाराचे म्हणणे थोडक्यात असे होते की, छोट्या पट्टीची चांगल्या कंपनीची करवत मागवावी लागेल, तिला तीन आठवडे लागतील आणि ती जवळजवळ तिप्पट किमतीला पडेल. बावीस इंची मात्र साडेसात हजारांत, आत्ता, हारासकट. मी घुटमळतो आहे असे पाहून त्याने फळीवरून एक वीतभर लांबीची, बॅटरीवर चालणारी फांद्या छाटायची करवत काढून ठेवली आणि अत्यंत सौजन्याने म्हणाला, “मग तुम्ही हे बघा. घरात वहिनींनाही वापरता येईल.” दोघा शेतकऱ्यांपैकी एकाने नळीकडे पाहत हसू आवरले. वास्तविक आमच्या घरात मी बाजारात असताना कोयतीने नारळ सोलणारी व्यक्ती तीच, आणि तिने ते यंत्र माझ्याहून सरस चालवले असते. पण मी साडेसात हजार रुपये मोजले.

जर्मनीतल्या स्टील (Stihl) नावाच्या कंपनीने पेट्रोलवर चालणारी करवत १९२९ साली बाजारात आणली, तेव्हा ती चालवायला दोन माणसे लागत. एकट्या माणसाला पेलेल अशी करवत त्याच कंपनीने १९५० साली आणली. या सुधारणेमुळे जो दुसरा माणूस रिकामा झाला तो पुढे कुठे गेला, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. तो पिवळी टोपी घालून दुकानात उभा राहतो.

घरी आल्यावर मी करवत हातात घेऊन वजनकाट्यावर चढलो आणि मग नुसताच चढलो. पेट्रोल, चेनचे ऑइल, पट्टी आणि चेन धरून फरक साडेसात किलोंचा निघाला. हजाराला एक किलो, असा भाव पडला. साडेसात किलोंची कणीक उचलणे वेगळे आणि साडेसात किलो हात लांब करून, कमरेत वाकून, थरथरत्या अवस्थेत तोलून धरणे वेगळे, कारण लांब पट्टीमुळे वजन हातापासून पुढे जाते आणि यंत्र सतत नाक, म्हणजे पट्टीचे टोक, खुपसायला बघते. तरीही बारा इंच लाकडासाठी बावीस इंच पट्टीतला मुख्य दोष वजनाचा नाही. फांदीच्या पलीकडे जी दहा इंच पट्टी उरते ती दिसत नसताना काहीतरी करत असते, हा मुख्य दोष आहे. पहिल्याच कापात त्या उरलेल्या नाकाचा वरचा कोपरा पलीकडच्या एका डहाळीला लागला आणि सबंध पट्टी माझ्या तोंडाच्या दिशेने उसळली. पुढच्या दांड्याला मनगट लागून ब्रेक बसला आणि चेन थांबली. नाकाच्या वरच्या चतकोराने काहीही शिवले की करवत मागे उसळते, ही या यंत्राची सगळ्यांत धोकादायक खोड आहे. पण दुकानात पाऊण तास पट्टीच्या लांबीवर परिसंवाद झडला त्यात ती एकालाही सांगावीशी वाटली नाही. गॉगल विचारला तर तो संपला होता. हेल्मेट विचारले तर दुकानदाराला मोटारसायकलचे वाटले. कंपनीतर्फे मोफत म्हणून मला एक भिंतीवरचे घड्याळ मिळाले. खोक्यातले माहितीपत्रक चिनी आणि इंग्रजीत होते, आणि आमच्या जिल्ह्यात हे यंत्र वापरणाऱ्या बहुतेकांना या दोन्ही भाषा सारख्याच अवगत आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडाकडच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हापासून मी वाडीवाडीतून पोरे चपला घालून आणि डोळ्यांवर काही न लावता या करवती चालवताना पाहतो आहे. त्यांना इंचांचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले असतील. हे लिहिताना मला गंमत वाटत नाही.

दुसरा काप मी सावधपणे, पट्टी आडवी ठेवून घेतला. या वेळी पलीकडची दहा इंच पट्टी सरळ गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, शिरली. जांभा दगड दिसायला कितीही सच्छिद्र असला तरी चेनच्या दातांची वाट लावायला तो क्षणभर लागला तरी पुरतो. एक ठिणगी उडाली, आणि त्यानंतर करवतीतून लाकडाच्या ढलप्यांऐवजी नाचणीच्या पिठासारखा भुसा पडू लागला. चेन बोथट झाल्याची ती खूण असते. सोळा इंची पट्टी गडग्याच्या अलीकडेच संपली असती, हे मी टेपने मोजून पाहिले. हे मोजून कोणाचाही फायदा नव्हता.

अर्धवट कापात मात्र एक बोगदा उघडा पडलेला दिसला आणि त्यात पांढरट, बोटाएवढी जाड एक अळी निवांत पडलेली होती. म्हणजे फांदी वळिवाने मोडली हा माझा समज चुकीचा होता. ती भिरुडाने, म्हणजे खोड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीने, आतून आधीच पोखरून ठेवलेली होती, वाऱ्याने फक्त सही केली. अशाच एका भुंग्याच्या अळीला लाकूड पोखरताना अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने पाहिले होते. जबड्याने एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कातरत ती पुढे सरकते हे पाहून त्याने १९४७ साली तसल्याच आकड्यासारख्या दातांची चेन बनवली, आणि आजच्या करवतींच्या चेन तिच्याच वंशातल्या आहेत. माझ्या फांदीतल्या अळीने ग्रॅमभर वजनाच्या अवजाराने, एकही दात बोथट न करता, माझ्याहून अधिक काम केलेले होते. तिला कोणी सल्लाही दिला नव्हता.

सोमवारी मी करवत पुन्हा खोक्यात घालून दुकानात गेलो. एकदा पेट्रोल घातले की यंत्र परत घेत नाही, असे दुकानदाराने सांगितले. निदान छोटी पट्टी आणि तिच्या मापाची चेन द्या, म्हटले, तर तीही मागवावी लागणार होती. शेवटी मी बोथट चेनला धार लावायला गोल कानस मागितली. तेवढ्यात पिवळी टोपी आत आली. तिच्या हातात तोच एल्बो होता.

“हा जरा मोठा झाला पाइपाला,” ते गृहस्थ दुकानदाराला म्हणाले. “पाऊण इंची द्या.”

दुकानदाराने अवाक्षर न काढता एक इंची एल्बो घेऊन पाऊण इंची काढून दिला आणि वर तीन रुपये परत केले. खोके मांडीवर घेऊन मी हे सगळे पाहत होतो. गृहस्थांनी नवा एल्बो डोळ्यांपुढे धरला, त्याच्यावरून माझ्याकडे पाहिले, मग माझ्यापुढे ठेवलेल्या ४.८ मिलिमीटरच्या कानशीकडे पाहिले.

“एवढीशीच?” ते म्हणाले. “जरा मोठी घ्या की.”