कंपनी बुडाली म्हणून कर्ज बुडत नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : बायजूजसारखी शिक्षण कंपनी दिवाळखोरीत निघाली की तिच्या अभ्यासक्रमासाठी काढलेले कर्ज आपोआप माफ होते, त्यामुळे हप्ते ताबडतोब थांबवावेत, न्यायाधिकरणाने दिलेली स्थगिती पालकांनाही लागू होते, नफ्यासाठी शिक्षण विकणे सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले असल्यामुळे मूळ करारच रद्द आहे, सोळा वर्षांखालील मुलांच्या शिकवणीवर केंद्राने कायद्याने बंदी घातली आहे, आणि ग्राहक न्यायालयात जाण्यात अर्थ नाही, कारण विद्यार्थी हा ग्राहक नसतो. माझ्या मावसबहिणीने हा संदेश वाचून एका वेगळ्याच कंपनीच्या अभ्यासक्रमासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता थांबवण्याचा अर्ज लिहून ठेवला होता. तो बँकेत पोहोचण्याआधी माझ्या हाती पडला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक मुद्दा कर्जमाफीचा आहे. अशा अभ्यासक्रमांची फी पालक बहुधा एकरकमी भरत नाहीत. विक्री प्रतिनिधी घरी येतो किंवा फोनवर बोलतो, मोबाइलवर ओटीपी येतो, आणि बिगरबँक वित्तसंस्थेकडून पालकांच्या नावावर कर्ज मंजूर होते. त्या क्षणी दोन करार जन्माला येतात : एक शिकवणीचा, कंपनीशी, दुसरा कर्जाचा, वित्तसंस्थेशी. हप्त्यावर फ्रिज घेतल्यावर दुकान बंद पडले, तर फ्रिजचे हप्ते थांबत नाहीत, हे ज्यांना समजते त्यांना हेही समजायला हवे. हप्ता चुकला की त्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते आणि पुढे गृहकर्ज मागताना ती समोर उभी राहते. खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेले, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ नुसार तो धनादेश न वटण्यासारखा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. ‘बिनधास्त थांबवा’ असे लिहिणाऱ्याने यातले काहीच सांगितलेले नाही. हप्ता त्याचा थोडाच चुकणार आहे!

स्थगितीचा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम १४ मधील स्थगिती ही कर्जबाजारी कंपनीला तिच्या धनकोंपासून मिळणारे संरक्षण आहे. तिच्यामुळे कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली थांबते. कंपनीच्या ग्राहकांवर असलेल्या तिसऱ्याच संस्थेच्या कर्जाला ती स्पर्शही करत नाही. म्हणजे या स्थगितीने पालकांना संरक्षण मिळत नाहीच, उलट फी परत मागण्यासाठी कंपनीवर भरलेला त्यांचा स्वतःचा दावा मात्र अडकतो. बायजूजचेच उदाहरण घ्यायचे तर तिची मूळ कंपनी थिंक अँड लर्न हिच्याविरुद्ध भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने जर्सी प्रायोजकत्वाच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीसाठी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १६ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या बंगळूरु खंडपीठाने तो दाखल करून घेतला. ऑगस्टमध्ये अपिली न्यायाधिकरणाने दोन्ही पक्षांतील तडजोड मान्य केली, आणि २३ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यता रद्द ठरवली. या सगळ्या आदेशांत पालकांच्या कर्जाविषयी माफीचा शब्द नाही. समूहातील सगळ्या कंपन्या बुडाल्या असे संदेशात म्हटले आहे, तेही चूक. बायजूजने विकत घेतलेली आकाश ही स्वतंत्र नोंदणीची शिकवणी कंपनी असून तो आदेश तिच्याविषयी नव्हता. फीचा परतावा हवा असलेल्या पालकांनी ठराव व्यावसायिकाकडे, म्हणजे दिवाळखोरी प्रक्रिया चालवण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे, ठरलेल्या मुदतीत दावा नोंदवायचा असतो, आणि तो तारणी धनको (तारण घेऊन कर्ज देणारे) व कर्मचाऱ्यांच्या मागे रांगेत उभा राहतो, हे कटू असले तरी आधीच कळलेले बरे.

नफ्याच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. टी. एम. ए. पै फाउंडेशन प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षणसंस्थांनी नफेखोरी करू नये, मात्र विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही, असे म्हटले, आणि मान्यताप्राप्त खासगी शाळा आजही बहुधा न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनीच चालवते. परंतु शिकवणी कंपनी ही शाळा नाही. ती पदवी देत नाही, तिला कोणत्याही परीक्षा मंडळाची संलग्नता नसते. ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली, भागधारकांसाठी नफा मिळवणारी कंपनी असते आणि तिच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी आकारला जातो. शाळांसाठीचा नियम तिला लावून करार रद्द ठरवणे हे न्यायालयाच्या नावावर खपवलेले स्वतःचे मत आहे.

सोळा वर्षांच्या बंदीविषयी थोडक्यात सांगतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जारी केली ती मार्गदर्शक तत्त्वे होती, कायदा नव्हे. वयाची अट, मध्येच शिकवणी सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत, दंड, नोंदणी हे सारे त्यांत आहे. पण त्यांची अंमलबजावणी राज्यांनी आपापले कायदे करून करायची आहे.

राहिला ग्राहक न्यायालयाचा प्रश्न. येथे संदेशलेखकाने सर्वांत मोठी दिशाभूल केली आहे. शाळा-महाविद्यालये आणि विद्यापीठे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या तीन सदस्यीय पीठाने विनायक मिशन विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात २० जानेवारी २०२० रोजी म्हटले, हे खरे. पण त्याच निकालात शिकवणी वर्ग हे नियमित शाळा-महाविद्यालयांसारखे नाहीत, त्यांना ती सवलत मिळत नाही आणि त्यांच्या सेवेतील त्रुटींविरुद्ध ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, असेही स्पष्ट नमूद आहे. संदेशाने निकालाचा पहिला अर्धा भाग घेतला आणि पालकांच्या उपयोगाचा दुसरा अर्धा गाळला. हा निकाल पूर्ण वाचला असता तर हा दावा लिहिण्याचे धाडस झाले नसते. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत असेल, तर तिच्यावरची तक्रार स्थगितीमुळे थांबेल, हे वर आलेच आहे. पण वित्तसंस्थेविरुद्धची तक्रार तेवढ्याने थांबत नाही. कर्ज आहे हे न सांगता ओटीपी घेतला गेला असेल, तर आधी वित्तसंस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. अशा फसव्या कर्जांबद्दल आणि ऑटो-डेबिटबद्दल शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केले होते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षे आहे, ती आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. बहिणीने आता हप्ता थांबवण्याच्या अर्जाऐवजी वित्तसंस्थेला तक्रारीचे पत्र पाठवले आहे आणि हप्ता चालू ठेवला आहे.