डी मेला आणि लग्न अडलं

आईच्या लॅपटॉपची डी ही की मेली. एका कीने काय होतंय असं कुणालाही वाटेल, पण आई इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीने टाईप करते आणि त्यात डीवर असतं अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे जोडाक्षरं खलास, वर शिफ्ट धरून त्याच कीवर अ, तोही गेला. रोज हजारभर शब्द लिहिणारी बाई, थांबते कसली! पंधरा दिवस डी चुकवत लिहिलं. 'म्हणून'च्या जागी 'सबब' आलं, नायिका स्मिताची कविता झाली आणि तिचं लग्न लांबलं, कारण ग्न. विवाह लिही म्हटलं तर म्हणे, "विवाह फॉर्मवर होतो, माणसांचं लग्न होतं." फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायला, शिक म्हटलं तर "मराठी लिहायला स्पेलिंग पाठ करू?" यूएसबी कीबोर्ड आणला, पण लॅपटॉप मांडीवर असताना तो कुठे ठेवायचा हे मलाच सांगता येईना.

सबब नवा लॅपटॉप.

मी तीन रात्री जागून एक्सेल शीट केली. आईने चष्मा लावून बघितली आणि विचारलं, "यात टाईप करताना कसं वाटतं तो कॉलम कुठाय?" नव्हता. खरंतर नुसतं लिहायला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते हे मला पहिल्याच रात्री कळलेलं, पुढच्या दोन रात्री मी स्वतःसाठी बघत होतो, हे तिला सांगू नका.

दुकानात सेल्समन ग्राफिक्स कार्डावर बोलत होता आणि आई एकेका लॅपटॉपपुढे उभी राहून टाईप करत होती. सगळ्यात पातळ, देखणा होता त्याच्या कीज जेमतेम मिलिमीटरभर दबत होत्या, "पाटावर बोटं आपटल्यासारखं होतंय." १५.६ इंचीला उजवीकडे नंबर पॅड, त्यामुळे अक्षरं सरकलेली डावीकडे, "मला काय हिशेब लिहायचेत?" चकचकीत स्क्रीनवाला तर "यात मीच दिसतेय" म्हणून बाद.

मग एक १४ इंची, मॅट स्क्रीनचा, दीड मिलिमीटर दबणाऱ्या कीजचा जरा जाडजूड गडी सापडला. त्यावर आईने काहीतरी खाडखाड टाईप केलं, परत केलं, परत केलं, डीवर जरा जास्तच जोर. सेल्समन घाबरून वाकला. मराठी कीबोर्ड चालू नव्हता, सबब स्क्रीनभर नुसतं एन आय डी व्ही, एन आय डी व्ही.

"मॅडम, हे काय?"

"लग्न," आई म्हणाली. "हाच द्या."

मी वॉरंटीत कीबोर्ड येतो का ते तेवढं विचारून घेतलं.

त्याच रात्री लग्न लागलं, चांगलं सहा पानी. नायिका मात्र कविताच राहिली. स्मिता आता तिला शोभत नाही म्हणे.