चालू बोअर कोण बुजवतं?

रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये, दहा वाजले होते, म्हणजे सोलापुरात जेवणं उरकून पंख्याखाली आडवं व्हायची वेळ. भाचा पुण्यात असतो, हिंजवडीत. सुट्टीला घरी आला होता आणि गच्चीवरून दबक्या आवाजात बोलत होता. "मामा, पेपर टाकू का?"

राजीनामा देण्याला आयटीतली पोरं पेपर टाकणं म्हणतात. खाली ताईला यातलं काही माहीत नाही. माहीत झाल्यावर ती काय म्हणेल ते मात्र आम्हा दोघांनाही पाठ आहे. "लागलेली नोकरी कोण सोडतं रे?"

हा "लागलेली" शब्द आमच्याकडे फार जड आहे. नोकरी आपण मिळवत नाही, ती लागते. बोअरला पाणी लागतं तशी. तीनशे फुटांवर लागलं नाही, चारशेवर लागलं, मग पेढे वाटले. आमच्या जिल्ह्यात चालू बोअर कुणी बुजवत नाही, पाणी मचूळ असलं तरी.

तिकडच्या बातम्या मी रोज वाचतो, आणि गेली दोन-अडीच वर्षं नोकरीवरचा वाद एकाच काट्यावर अडकलेला दिसतो. तास किती? ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन 90 वर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही विचारून बसले. (बायकांना कुणी विचारलं नाही, हे बरं झालं.) डिसेंबर 2025 मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, कामाच्या वेळेनंतर ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून. विधेयक मला पटतं. पण माझा भाचा तासांमुळे सोडत नाहीये. त्याला सहा वाजता सुट्टी होते. तीन वर्षं तो एकाच जुन्या बँकिंग सॉफ्टवेअरची ठिगळं शिवतोय आणि आता त्याला स्वतःचीच शिसारी येते. अशा माणसाबद्दल या वादात एक ओळ नाही. त्याला लोक सांगतात, "हिंमत पाहिजे, बाबा."

या हिंमतीबद्दलच मला बोलायचं आहे, कारण इथे आल्यावर माझी ती आधी कमी झाली.

मी 2016 साली आलो ते ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर. पहिली दोन वर्षं नोकरी बदलायची तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी लागायची. माझा विभागप्रमुख मीटिंगमध्ये माझं वाक्य मध्येच तोडून दुसऱ्याला द्यायचा, आणि मी मान डोलवायचो. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन माणसानं चाळिशीत नोकरी सोडली आणि सुतारकाम शिकायला गेला. निरोपाला केक आणला. घरच्यांना मी फोनवर सांगितलं तेव्हा सगळे म्हणाले, काय धाडस! धाडस कसलं? त्याचा आरोग्यविमा तुटणार नव्हता आणि देशातून जायला त्याला कुणी सांगणार नव्हतं. ते दोन्ही मला असते तर मीही केक आणला असता.

असं मी तेव्हा म्हणायचो. मग कायम वास्तव्याचा परवाना हातात आला आणि त्यानंतरही मी त्याच खुर्चीत पाच-सहा वर्षं बसलो. तेव्हा कायदा आडवा नव्हता. आडवे होते आमचे अण्णा.

अण्णा गिरणीत होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मी चौथी-पाचवीत असताना, गिरणी बंद पडली. त्या सकाळी भोंगा झाला नाही. तरी अण्णा डबा घेऊन निघाले, गेटपर्यंत गेले, उन्हं वर आल्यावर परतले. दुपारी आईनं तोच डबा उघडून आम्हा भावंडांना वाढला, भाकरी आणि शेंगाची चटणी. कुणी बोललं नाही. पुढे अण्णांनी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायचं काम केलं. गिरणीचा गेटपास अजून कपाटात आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत. ज्या घरात नोकरीनं माणसाला सोडलेलं आहे, त्या घरात माणसानं नोकरी सोडणं हा माजच वाटतो. मलाही वाटायचा.

शेवटी गेल्या वर्षी सोडली. इथे राजीनामा ईमेलनं चालत नाही. कागदच लागतो, शाईच्या सहीचा. घरच्या प्रिंटरची शाई संपली होती, म्हणून गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. दोन ओळींचं पत्र. काउंटरवर दोरीनं बांधलेलं पेन होतं, त्यानंच सही केली. सोमवारी साहेबापुढे ठेवलं. दहा मिनिटांचं भाषण तयार होतं. तो "शाडे" म्हणाला, म्हणजे वाईट वाटलं, आणि उरलेली रजा कधी घेणार ते विचारलं. संपलं.

अण्णांना फोन केला. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "किती आधी सांगावं लागलं?"

"तीन महिने."

"एवढं? आम्हाला एक दिवस दिला नव्हता." आणि हसले.

इथलं सगळं गोड नाही. सबळ कारणाशिवाय स्वतःहून सोडली तर बेकारभत्ता पहिले बारा आठवडे सहसा मिळत नाही, त्यानंतर निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67. ते बारा आठवडे मी बचतीवर काढले आणि बायकोच्या पगारावर. पण आकडा आधी माहीत होता. भाच्याच्या बाबतीत तसं नाही. त्याचा नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा. ताई-भावजींचा मेडिक्लेम कंपनीचा, शेवटच्या दिवशी तोही जाणार. भावजींना शुगर आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करा असं आहे, तेवढं चांगलं झालं. पण मेडिक्लेमचं उत्तर त्यात नाही. अशा पोराला हिंमत नाही म्हणणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

मग मी त्याला काय सांगितलं? विचारलं, पाच वर्षं कधी भरतात? ऑगस्टमध्ये, म्हणाला. पाच भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणारा जवळजवळ तीन महिन्यांचा मूळ पगार. म्हटलं, मग ऑगस्टपर्यंत थांब, आणि त्याआधी भावजींची वेगळी पॉलिसी काढ, शुगर लपवू नकोस फॉर्मवर.

"मामा, तू तर तिकडं बसून घाबरवलालास बे."

म्हटलं, हो.

खालून ताईनं हाक मारली. "येतो," म्हणून तो ओरडला, आणि मला हळूच म्हणाला, "हप्ता किती बसेल, बघून ठेवशील?"