कॅज्युअल्टीत बाई 'नाटकी' आणि पुरुष 'दारुडा'

सोळा वर्षं कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, स्टाफ नर्स आहे. हे कधीचं लिहायचं होतं.

चोवीस-पंचवीसची मुलगी. दातखीळ बसलेली, मुठी आवळलेल्या. सासू म्हणाली, "भांडण झालं की असंच करते." डॉक्टरांनी छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात रगडलं, नाकाशी स्पिरिटचा बोळा धरला. तिनं कण्हत डोळे उघडले. केसपेपरवर तीन अक्षरं पडली, एचसीआर. म्हणजे हिस्टेरिया, म्हणजे घरी पाठवा. खरं तर हा आजार आहे, सोंग नव्हे. हुक लावून देताना छातीवरचा लालभडक वळ दिसला. ती हळूच म्हणाली, "सिस्टर, आजची रात्र इथंच राहू द्या ना." बेड नाही, एवढंच मी सांगितलं.

त्याच महिन्यात भावांनी एकाला आणलं, हात दाव्यानं बांधलेले. तोंडाला दारूचा वास. झालं! हॅलोपेरिडॉल-फेनरगनचं गुंगीचं इंजेक्शन, हातपाय कॉटला बांधले, सकाळी डिस्चार्ज. बायको दाराशी उभी राहून सांगत होती, चार रात्री डोळ्याला डोळा नाही, सारखे विहिरीकडे जातात. ते कुणीच लिहून घेतलं नाही.

एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या, नोंदींत २०२२ साली देशात १,२२,७२४ पुरुषांच्या आणि ४८,१७२ बायकांच्या आत्महत्या आहेत. २२,७४६ मृत्यूंसह महाराष्ट्र पहिला. पण जीव वाचून आमच्यापर्यंत पोचलेल्या बाया या आकड्यांत नाहीत. नाकात नळी, पोट धुऊन झालेलं, उशाशी नवरा, समोर जबाब घ्यायला पोलीस. मग ती काय सांगणार? "खोकल्याचं औषध समजून चुकून घेतलं."

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्वच्छ लिहिलंय की मनाच्या आजारालाही शरीराच्या आजाराइतकीच तातडीची सेवा मिळाली पाहिजे, आणि त्यात बाई-पुरुष भेद चालणार नाही. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. तरी नातेवाईक पोलीस केसच्या धाकानं खरं लपवतात.

रात्रपाळीच्या सिस्टर, ब्रदर, इंटर्न मुलांनो, हात जोडून सांगते. बाई असो वा पुरुष, नातेवाइकांना पाच मिनिटं पडद्याबाहेर काढा आणि सरळ विचारा, "जीव नकोसा झालाय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलू लागतो. दारू उतरल्यावर पुन्हा विचारा. दाराशी उभ्या बायकोचंही ऐकून घ्या.

मी आता प्रत्येक केसपेपरच्या मागे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पेनानं लिहून देते. त्या मुलीच्या कागदावर मी काहीच लिहिलं नव्हतं.