बुयींसाठी प्रार्थना करू या, पण खरं सांगून

प्रार्थनागटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. चीनच्या डोंगरांत बुयी नावाची एक छोटीशी, अज्ञात जमात आहे; ती भुताखेतांच्या धाकात जगते, तिच्याकडे ग्रंथ नाही, येशूची सुवार्ता तिच्या कानावर कधी पडलेलीच नाही; तिच्यासाठी प्रार्थना करा. शेवटचं वाक्य मला मनापासून मान्य आहे. आधीची नाहीत, आणि चुकीचं सांगून कुणासाठी देवापुढे हात जोडणं मला पटत नाही.

छोटी जमात? २०२० च्या जनगणनेत बुयींची संख्या ३५ लाखांच्या वर भरली. बहुतेक जण गुइझोऊ प्रांताच्या दक्षिण भागात भातशेती करतात.

आता भुतांचा धाक. आत्म्यांना ते मानतात, हे खरंच. पण सहाव्या चांद्रमासाच्या सहाव्या दिवशीचा त्यांचा सण पाहा. भाताची लावणी उरकलेली असते. कोंबड्याचं रक्त शिंपडलेली कागदी निशाणं बांधावर रोवतात, पिकाला कीड लागू नये म्हणून. घरात चिकट भाताच्या, पानांत बांधलेल्या पुरचुंड्या शिजतात, तरुण मुलंमुली गाण्यातून सवालजवाब करतात. यात पिकाची काळजी आहे, आनंद आहे. नुसती भीती मला तरी दिसत नाही.

‘ग्रंथ नाही’ हे तर साफ चूक. त्यांच्या पुरोहिताला बुमो म्हणतात. एरवी तो शेतकरीच. घरात कुणी गेलं की काशाचा ढोल वाजतो आणि मृताच्या आत्म्याला पूर्वजांपर्यंत पोचवण्यासाठी बुमो मो-पोथ्या म्हणतो. चिनी अक्षरं बुयी उच्चारांसाठी वापरून हातानं लिहिलेल्या या पोथ्या गुरूकडून शिष्याकडे येतात.

आणि सुवार्ता कधी पोचलीच नाही? २८ जानेवारी १८५८ रोजी गुइझोऊतल्या बुयी वस्तीच्या माओकोऊ इथे अगाथा लिन झाओ ही शिक्षिका, जेरोम लू तिंगमेई आणि लॉरेन्स वांग बिंग यांचा शिरच्छेद झाला. ख्रिस्त सोडायला ते तयार नव्हते. कॅथलिक चर्चने २००० साली त्यांना संत घोषित केलं. सॅम्युएल क्लार्क या मिशनऱ्यानं केलेलं मत्तयाच्या शुभवर्तमानाचं बुयी भाषांतर १९०४ मध्ये छापलं गेलं. १९०८ मध्ये हाँगकाँगला एस्किरोल आणि विलियात या फ्रेंच धर्मगुरूंचा या भाषेचा कोश निघाला. ‘कधीच नाही’ म्हणताना आपण या सगळ्यांचे श्रम, आणि तिघांचं रक्त, पुसून टाकतो.

बुयींमध्ये ख्रिस्ती आजही थोडेच आहेत, म्हणून प्रार्थना हवीच. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांवर वाढलेल्या आपल्याला, येशूला आपल्या चालीत, आपल्या बोलीत गाता येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तेच त्यांच्यासाठी मागू या. तिथल्या मोजक्या विश्वासणाऱ्यांना बळ मिळो. कामासाठी ग्वांगदोंग प्रांतातल्या कारखान्यांत गेलेल्या तरुणांना आणि गावी राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांना आधार मिळो. हे मागताना बुमोला सैतानाचा हस्तक म्हणायची काहीच गरज नाही. तो मजकूर पुढे पाठवणार असाल, तर आधी शेवटचं सोडून बाकीची वाक्यं काढून टाका.