पायताणावर नाव कोणाचं?

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गावाकडच्या आमच्या ग्रुपवर संतापाचा नुसता पाऊस पडला. 'श्रेय द्या' ही मागणी रास्तच होती. पण कोल्हापुरीला 2019 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, तो दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. कातडं कमावणाऱ्याच्या, वेणी घालणाऱ्याच्या पदरात त्यातून काय पडलं, हे कोणी विचारलं नाही.

मी ॲरिझोनात राहतो. इथे उत्तरेला उंच पठारांवर होपी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांची गावं आहेत. फ्लॅगस्टाफच्या एका प्रदर्शनात एक होपी कारागीर बाहुली कोरत बसला होता, मी तासभर तिथून हललो नाही. कॉटनवूड झाडाचं वाळलेलं मूळ त्याने माझ्या हातात दिलं. सुक्या भोपळ्याइतकं हलकं. हे मूळ पाणी शोधत जातं आणि होपींचा मका पावसाच्या भरवशावर, म्हणून लाकूड हेच. बाहुलीच्या डोक्यावरची पिसंसुद्धा त्याने लाकडातच कोरली होती, एकेक शीर दिसत होती. गरुडाचं खरं पीस विकायला कायद्याने बंदी आहे.

या बाहुलीला होपी तिहू म्हणतात. ती कात्सिनाचं रूप असते; कात्सिना हे पाऊस आणणारे आत्मे. सणात त्यांचं रूप घेतलेले नर्तक ती लहान मुलींना देतात, मग ती घरात भिंतीवर टांगली जाते. मी खोदून विचारायला लागलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "एवढंच सांगता येतं." मला ते फार आवडलं. विकायचं काय आणि आपल्यापाशी ठेवायचं काय, हे तो स्वतः ठरवत होता. 2013 मध्ये पॅरिसमध्ये होपींच्या पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी श्रेय मागितलं नव्हतं. विक्रीच थांबवा म्हणाले होते.

नकली बाहुल्या इथेही आहेत. पण 1990 च्या कायद्याने मूळ रहिवाशांची कला म्हणून खोटा माल विकला तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे जाणतं गिऱ्हाईक बाहुली उलटी करून बुडाशी कोरणाऱ्याची सही बघतं.

मागच्या खेपेला कोल्हापुरात जोड घेतला, तेव्हा मीही तो उलटा केला. दुकानाचा शिक्का होता. "बांधला कोणी?" विचारलं, तर दुकानदाराला सांगता आलं नाही. आपल्या ग्रुपवरचा सगळा संताप त्या एका नावासाठी खर्च व्हावा, असं मला मनापासून वाटतं.