सहा दिवसांत चार शहरं नकोच, दोन घ्या!

सहलीवरच्या या लेखात सहा दिवसांत बंगळुरू, म्हैसूर, कूर्ग आणि उटी असा कार्यक्रम दिलाय. कळकळीने सांगते, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे करू नका. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही ठाण्याहून अगदी असेच गेलो होतो. रोज सकाळी बॅगा भरा, रोज नवं हॉटेल. उटीहून म्हैसूरकडे निघायला उशीर झाला आणि मग वाटेतलं बंदीपूरचं अभयारण्य आठवलं. जंगलातला तो रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो! मुलगी उलट्या करून मागच्या सीटवर गळून पडलेली आणि ड्रायव्हर घड्याळाकडे बघत घाट उतरतोय. कसेबसे वेळेत पोहोचलो.

यंदा फक्त म्हैसूर आणि उटी केलं. रविवार मुद्दाम म्हैसूरला ठेवला, कारण त्या दिवशी संध्याकाळी ७ वाजता राजवाड्यावर जवळजवळ लाखभर दिवे लागतात. सासूबाई चपला काढून मैदानात निवांत बसल्या होत्या. दिवे एकदम लागले तसे त्यांनी हातच जोडले. मागच्या खेपेला ही वेळ आमची गाडीत गेली होती. तिथलं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, वार बघून जा. उटीला गाडीने जाणार असाल तर ई-पास आधीच काढा, मे २०२४ पासून लागतो.

आणि एक दुपार पूर्ण मोकळी ठेवाच. मुलीला यंदा काय आवडलं विचारलं, तर ती हॉटेलच्या व्हरांड्यात आजीबरोबर पत्ते खेळली ती दुपार सांगते.